घरांतील श्रमाची वांटणी : कोणत्या वयास किती?

व्यायामाविषयीं खेड्यांतील मंडळीपुढें चार शब्द बोलूं गेलें म्हणजे बहुधा एकच उत्तर ऐकूं येतें. "पाळकसाहेब, व्यायाम शहरांतल्या लोकांनीं करावा. आम्ही दिवसभर मातींत राबतों. आम्हांस तो कशास हवा?" हें उत्तर वरवर पाहतां बिनतोड वाटतें. पण तें देणारा गृहस्थ त्या वेळीं कोठें बसला आहे व त्याच्या घरांतील बाकीचीं माणसें काय करीत आहेत, हें पाहिलें म्हणजे त्यांतील उणें दिसूं लागतें. गृहस्थ पारावर बसलेला असतो. त्याची बायको कापसाच्या रानांत वांकलेली असते. धाकटें पोर मोबाईल घेऊन ओट्यावर पडलेलें असतें, चौदा वर्षांची मुलगी घागर भरीत असते, आणि म्हातारीस "आतां तूं स्वस्थ बैस" असें सांगून खाटेवर बसविलेलें असतें. घर राबतें हें खरें. पण घरांतील प्रत्येकाच्या वांट्यास त्याच्या वयाला व प्रकृतीला मानवेल इतकेंच राबणें येतें काय, हा खरा प्रश्न आहे. ह्या पाठांत त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

आमच्या छावणींत दर गुरुवारीं बाजार भरतो. आसपासच्या तालुक्यांतून लोक गुरेंढोरें घेऊन येतात. पूर्वीं जनावरें पायीं हांकीत आणावयाचीं व विकलीं न गेल्यास तशींच पायीं परत न्यावयाचीं, असा रिवाज होता. आतां बैल टेंपोंत उभा राहून येतो व मालक मोटारसायकलीवर बसून येतो. नांगरट ट्रॅक्टरनें होते, मळणी यंत्रानें होते, दळण गिरणींत होतें. ह्यांत वाईट कांहीं नाहीं. पहांटे तीन वाजतां उठून जात्यावर दळलेल्या कोणाहि म्हातारीस विचारावें, म्हणजे जुन्या काळाची हौस फिटेल. परंतु यंत्रानें सर्वांचे श्रम सारखे कमी केले नाहींत ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. नांगर, मोट, गाडी हीं पुरुषांचीं कामें होतीं. तीं यंत्रानें उचललीं. निंदणी, खुरपणी, कापूस वेंचणें हीं बायकांचीं कामें. तीं बहुतांशीं तशींच हातानें व तशींच वांकून चाललीं आहेत. जातें तेवढें सुटलें.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड व चंदीगड येथील चौदा हजारांहून अधिक माणसांची पाहणी करविली व तिचा निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. शहरांत शंभरांपैकीं ६५ माणसें पुरेशी हालचाल न करणारीं निघालीं, हें अपेक्षितच होतें. पण खेड्यांतहि शंभरांपैकीं ५० तशींच निघालीं. खेळणें, फिरावयास जाणें अशी मोकळ्या वेळची हालचाल तर महाराष्ट्रांतील शेंकडा नव्वदांहून अधिक लोक मुळींच करीत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०२२ सालीं भारतांतील प्रौढांपैकीं जवळ जवळ निम्म्या लोकांची हालचाल अपुरी होती. पुरुषांत हें प्रमाण शेंकडा ४२ व स्त्रियांत ५७ होतें. ह्यावरून स्त्रिया पुरुषांपेक्षां आळशी, असें कोणी समजूं नये. आंकडा सरासरीचा असतो. एक बाई उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकतां चार भिंतींत दिवस काढते, व दुसरी ऊन डोक्यावर घेऊन दहा तास वांकते. दोघींची बेरीज करून दोनांनीं भागिलें म्हणजे दोघींचेंहि दुःख कागदावरून नाहींसें होतें.

आतां श्रम व व्यायाम ह्यांतील भेद पाहूं. हालचालीचा हृदयाशीं काय संबंध आहे, हें स्पष्टपणें दाखविणाऱ्या पहिल्या मोठ्या अभ्यासांपैकीं एक लंडन शहरांतील बसगाड्यांवर झाला. डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनीं तो १९५३ सालीं प्रसिद्ध केला. दुमजली बसचा चालक दिवसभर आपल्या जागीं बसून असे; तिकिटें देणारा वाहक दिवसांतून शेंकडों पायऱ्या चढे व उतरे. दोघेहि त्याच शहरांत, त्याच गाडीवर काम करणारे. तरी हृदयाचा विकार चालकांत अधिक आढळला, व विकार झाल्यावर लौकर मरण येण्याचें प्रमाणहि त्यांच्यांतच अधिक होतें. ह्याचें कारण फार गूढ नाहीं. स्नायू हालूं लागले म्हणजे ते रक्तांतील साखर ओढून घेतात. हृदय जोरानें चालून पुन्हां शांत होण्यास शिकतें. हाडांवर भार पडल्यानें तीं घट्ट होतात. रात्रीं झोंप लागते.

असें आहे तर जो सर्वांत अधिक राबतो तो सर्वांत निरोगी असावयास पाहिजे. पण तसें दिसत नाहीं. अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून २०१८ सालीं केलेल्या एका हिशेबांत असें आढळलें कीं, पोटासाठीं जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांत अकालीं मृत्यूचा धोका हलकें काम करणाऱ्यांपेक्षां सुमारें शेंकडा १८ नें अधिक होता. ह्यांत दारिद्र्याचा व तंबाखूचा भाग किती आणि मेहनतीचा भाग किती, ह्याविषयीं विद्वानांत वाद आहे, व तो वाद योग्यच आहे. तथापि भेद समजण्यासारखा आहे. व्यायाम थोडा वेळ चालतो, अंगाचे सगळे भाग हालवितो, आपल्या इच्छेनें थांबवितां येतो, व त्यामागून विसांवा मिळतो. मजुरी आठ-दहा तास चालते, एकच पाठ व एकच गुडघा पुन्हां पुन्हां वापरते, ओझें उचलावयास लावते, आणि ती केव्हां थांबावी हें मुकादम ठरवितो. दिवसभर अंगांत रक्ताचा दाब चढलेला राहतो व रात्रीची झोंप तो उतरविण्यास पुरत नाहीं. शेतावर राबणाऱ्याचे हात बळकट असून त्याची कंबर चाळिशींतच गेलेली असते, ती ह्याच कारणानें.

हैद्राबाद कंटिंजंटच्या काळापासून छावणी हें पलटणीचें ठाणें आहे, म्हणून येथल्या लोकांस कवाइत कांहीं नवी नाहीं. नव्या शिपायास पहिल्याच दिवशीं पाठीवर पूर्ण ओझें देऊन वीस मैल कोणी चालवीत नाहींत. चाल, ओझें व वेग हळूहळू वाढवितात, आणि जेवण व झोंप ठरल्या वेळेस देतात. शिपायाचें शरीर तयार होतें तें श्रम, अन्न व विसांवा हीं तिन्ही मापून दिल्यामुळें. आपल्या घरांतील सुनेस ह्यांपैकीं श्रम तेवढे मिळतात, व तेहि न मापतां.

सुनेचा विषय निघाला म्हणून तोच आधीं घेऊं, कारण वयाचा विचार माणूस जन्मण्यापूर्वींच सुरू करावा लागतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा मोठा अभ्यास केला. त्या काय खातात, किती राबतात, व त्यांचीं बाळें कशीं जन्मतात, हें त्यांनीं मोजून ठेविलें. बाळांचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील बाळाचें तें साडेतीन किलोच्या आसपास असतें. हीं बाळें हातापायांनीं काटकुळीं, पण अंगांत चरबीचा अंश राखून असलेलीं निघालीं. आणि अशा बाळांस पुढें मोठेपणीं मधुमेह जडण्याची भीति अधिक, असें ह्या डॉक्टरांचें म्हणणें आहे. त्याच अभ्यासांतील २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भागांत श्रमाचा हिशेब आहे. शेतांतील काम, पाणी वाहणें, धुणें हीं कामें ज्या मातांनीं फार केलीं, त्यांचीं बाळें जन्मतां अधिक लहान होतीं. त्यांच्या डोक्याचा व दंडाचा घेरहि कमी भरला. उलट ज्यांच्या खाण्यांत दूध, पालेभाज्या व फळें होतीं, त्यांचीं बाळें सुदृढ होतीं.

ह्याचा अर्थ गरोदर बाईनें नऊ महिने अंथरुणावर पडून राहावें असा नाहीं. प्रकृति चांगली असेल व डॉक्टरांची मनाई नसेल, तर तिनें रोज थोडें चालावें, घरचें हलकें काम करावें, हेंच हितकर आहे. शहरांतील बसून राहणाऱ्या गरोदर बाईस डॉक्टर चालावयास सांगतात तें बरोबर आहे. पण तोच सल्ला जेव्हां खेड्यांतील सासूबाई आपल्या सुनेस ऐकविते, व त्यासाठीं तिच्या डोक्यावर दोन हंडे चढविते, तेव्हां औषधाचें विष होतें. ह्या सुनेस चालण्याचा उपदेश नको. दुपारीं दोन तास आडवें होण्याची मुभा हवी, व पाणी आणावयास घरांतील दुसरा कोणी तरी हवा. दुसरा कोणी म्हणजे तिची नणंदच, असें नव्हे. नवऱ्यासहि दोन हात दिलेले आहेत.

ह्याहून कठीण स्थिति ऊसतोड करणाऱ्या आपल्या बहिणींची आहे. मराठवाड्यांतून, विशेषतः बीड जिल्ह्यांतून, लाखों माणसें दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. पहांटे उठून स्वयंपाक करावयाचा, दिवसभर ऊस तोडावयाचा, मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढवावयाची, व एक दिवस खाडा पडला कीं मजुरी जाऊन वर दंड भरावयाचा. महिन्याच्या अडचणीचे चार दिवससुद्धां परवडत नाहींत. २०१९ सालीं महाराष्ट्र सरकारनें नेमलेल्या समितीपुढें बीड जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीची माहिती आली. त्यांपैकीं १३,८६१ स्त्रियांची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. पुष्कळ जणी तरण्या होत्या. शस्त्रक्रियेंत गर्भाशयाबरोबर अंडाशयहि गेलें तर हाडें लौकर ठिसूळ होतात, व पुन्हां त्याच हाडांवर मोळी चढते. अशा बाईस "रोज अर्धा तास चालत जा" म्हणून सांगणाऱ्या माणसानें आपलें तोंड बंद ठेवावें हें बरें. तिच्या आरोग्याचा प्रश्न खाड्याचा दंड, पाण्याची व शौचाची सोय, आणि विसांव्याचा पगारी दिवस ह्यांचा प्रश्न आहे. ज्या उपदेशकांच्या गांवांतून टोळ्या जातात, त्यांनीं उचल घेतांनाच ह्या गोष्टी मुकादमाशीं बोलून घेण्यास लोकांस साहाय्य करावें. आणि पिशवी काढण्याचा सल्ला मिळालेल्या बाईस सरकारी रुग्णालयांत दुसऱ्या डॉक्टरास दाखविल्याविना चाकू लावूं देऊं नये.

लहान मुलांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल, कारण त्यांना हालचाल शिकवावी लागत नाहीं. ती बंद न केली म्हणजे झालें. एक ते चार वर्षांच्या मुलानें दिवसांतून एकंदर तीन तास तरी हिंडावें-फिरावें, दुसरें वर्ष पुरें होईपर्यंत त्यास पडदा मुळींच दाखवूं नये, व दोन वर्षांनंतरहि दिवसाकांठीं एका तासावर दाखवूं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें आहे. रडणाऱ्या पोराच्या हातीं मोबाईल देणें म्हणजे अफूची गोळी देण्याच्या जुन्या चालीचाच नवा प्रकार होय. पांच ते सतरा वर्षांच्या मुलांस रोज निदान साठ मिनिटें जोराची हालचाल पाहिजे. जगांतील अकरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकीं पांचांत चारांस ती मिळत नाहीं, असें २०१६ सालच्या आंकड्यांवरून दिसतें.

आणि येथें मुलीचा प्रश्न येतो. दहा वर्षांपर्यंत मुलगी लंगडी, खो-खो, सूरपारंब्या सगळें खेळते. मग ती शहाणी होते, व त्या दिवसापासून तिचें धांवणें बंद होतें. काम मात्र दुप्पट होतें. काम आहे तर हालचाल आहेच, असें आई म्हणते. पण हाडांत जी शक्ति आयुष्यभर पुरवावयाची असते, तिचा बहुतेक सांठा विसाव्या वर्षाच्या आंतबाहेर भरून होतो, आणि उड्या, धांव, झटका ह्यांनीं तो जसा भरतो तसा चुलीपुढें बसून भरत नाहीं. पूर्वीं झिम्मा-फुगडीच्या निमित्तानें तरी मुलींस श्वास लागेपर्यंत नाचावयास मिळे. आतां तेंहि कमी झालें. आपल्याच मराठवाड्यांतील धाराशिवच्या सारिका काळे हिनें खो-खो खेळून २०२० सालचा अर्जुन पुरस्कार मिळविला, व २०२५ सालीं दिल्लीस झालेल्या खो-खोच्या पहिल्या जागतिक स्पर्धेंत भारताच्या मुलींनीं प्रियंका इंगळे ह्या महाराष्ट्राच्या मुलीच्या नायकत्वाखालीं विजय मिळविला. खो-खोला मैदान, दोन खांब व चपळ पाय ह्यांखेरीज कांहीं लागत नाहीं. रविवारच्या शाळेंत मुलगे बाहेर खेळत असतां मुली सतरंज्या झाडीत असतात, असें जेथें होत असेल तेथें ती पद्धत पुढच्याच रविवारीं मोडावी. सतरंज्या मुलग्यांनाहि झाडतां येतात.

बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्यांतल्या मांडवा गांवचा अविनाश साबळे हा वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांचा मुलगा. शाळेसाठीं तो रोज सहा-सात किलोमीटर पायीं जात-धांवत असे. पुढें तो सैन्यांत गेला, २०२२ सालच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत अडथळ्यांच्या शर्यतींत त्यानें रौप्यपदक मिळविलें, व २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत त्या शर्यतीच्या अंतिम फेरीपर्यंत तो पोहोंचला. ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी. पण हिच्यावरून शाळा दूर असणें चांगलें असा बोध काढूं नये. दूरच्या शाळेनें एक साबळे घडविला, व शेंकडों मुलींची शाळा सोडविली.

आतां पारावरच्या गृहस्थांकडे वळूं. तीस ते साठ ह्या वयांतील पुरुषानें आठवड्यांतून दीडशे ते तीनशे मिनिटें मध्यम जोराची हालचाल करावी व दोन दिवस तरी स्नायूंस जोर पडेल असें काम करावें, असें २०२० सालचें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे; स्त्रीसहि तेंच लागू. दीडशे मिनिटें म्हणजे आठवड्याचे पांच दिवस रोज अर्धा तास. मध्यम जोर कसा ओळखावा? चालतांना बोलतां येतें पण गातां येत नाहीं, ती मध्यम चाल. घड्याळ असेल तर एका मिनिटांत सुमारें शंभर पावलें पडावीं. दिवसाला दहा हजार पावलांचा जो आंकडा सर्वत्र ऐकूं येतो, तो १९६० नंतरच्या दशकांत जपानांत पावलें मोजण्याचें यंत्र विकण्यासाठीं निघाला. त्याला घाबरण्याचें कारण नाहीं. २०२२ सालच्या एका मोठ्या अभ्यासांत साठीपुढील माणसांस सहा ते आठ हजार पावलांपर्यंत लाभ वाढत जातो, पुढें फारसा वाढत नाहीं, असें दिसलें. तरुणांस ही मर्यादा आठ ते दहा हजारांवर येते.

शेतकरी नांगरणीच्या, पेरणीच्या दिवसांत हें सारें सहज करतो. अडचण बाकीच्या महिन्यांची आहे. सुगी संपली कीं चार महिने बसणें, खाणें मात्र तेंच, तंबाखू व चहा वाढलेला, आणि वाण्याच्या दुकानापर्यंत जावयाचें तरी मोटारसायकलीला लाथ मारावयाची. भारतांतील प्रौढांपैकीं शेंकडा ११ हून अधिक लोकांस मधुमेह व शेंकडा ३५ हून अधिक लोकांस रक्तदाब आहे, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणींत आढळलें. आपल्या लोकांत हा मधुमेह पोट फार मोठें न दिसतांहि येतो, हें त्या काटकुळ्या बाळांची गोष्ट आठवली म्हणजे समजेल. तिसाव्या वर्षानंतर प्रत्येकानें उपकेंद्रांत जाऊन साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. आशाताईस विचारिलें म्हणजे ती दिवस सांगते. बायकोच्या डोक्यावरचा हंडा ह्या गृहस्थानें रोज सकाळीं व संध्याकाळीं स्वतः आणिला, तर त्याचें चालणेंहि होईल व ओझें उचलण्याचा व्यायामहि होईल. लोक हंसतील. हंसूं द्यावें, चार दिवसांनीं थकतात.

म्हाताऱ्या माणसांविषयीं अधिक लिहावें लागतें, कारण त्यांचें अहित बहुधा प्रेमानें केलें जातें. "फार राबलांत, आतां बसा" असें मुलगा म्हणतो, व खरोखर मायेनें म्हणतो. पण साठीनंतर बसलेल्या माणसाचे स्नायू फार वेगानें झडतात. अमेरिकेंत २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निरोगी वृद्ध माणसांस दहा दिवस अंथरुणावर ठेविलें, तर तेवढ्यांत त्यांच्या पायांतील मांसल भाग सुमारें एक किलोनें कमी झाला. उलट बॉस्टन शहरांत १९९० सालीं नव्वदीच्या आसपासच्या दुबळ्या म्हाताऱ्यांकडून आठ आठवडे पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम करविला. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून अधिक वाढली. नव्वदाव्या वर्षीं जें वाढतें, तें पासष्टाव्या वर्षीं टाकून कां द्यावें?

म्हातारपणीं मुख्य भय पडण्याचें. खुबा मोडला कीं माणूस खाटेला खिळतें, व खाटेवरून पुष्कळदां उठत नाहीं. म्हणून चालण्याबरोबरच तोल संभाळण्याचा सराव आठवड्यांतून तीन दिवस तरी पाहिजे. त्यासाठीं कांहीं साधन लागत नाहीं. भिंतीशीं किंवा दाराच्या चौकटीशीं उभें राहावें, एक हात टेकवावा, एक पाय उचलून दहा अंक मोजावे, मग दुसरा पाय उचलावा. खाटेच्या कडेवर बसून हात न टेकतां उठावें व बसावें. प्रथम पांच वेळां, मग दहा वेळां. गुडघे दुखतात म्हणून चालणें सोडूं नये. झिजलेल्या गुडघ्यासहि मापानें केलेल्या हालचालीचा उपयोग होतो, फक्त उकिडवें बसणें व चढण टाळावी. पैठणहून दर आषाढांत पंढरपुरास पायीं जाणारे आपले शेजारी वारकरी पाहावे. त्यांत सत्तरीचे पुष्कळ असतात. पण जे वर्षभर शेतावर चालतात त्यांस ती वाट पेलते. जे अकरा महिने बसून बाराव्या महिन्यांत एकदम निघतात, त्यांचे पाय सुजतात व छाती भरून येते. चाल वाढवावयाची ती आठवड्याआठवड्यानें. शिवाय आपल्या मुलखांत चैत्र-वैशाखांत नवाच्या पुढें व पांचाच्या आंत म्हाताऱ्या माणसानें उन्हांत चालूं नये. पाणी तहानेची वाट न पाहतां प्यावें. म्हातारपणीं तहान उशिरां लागते.

म्हातारपणाचें काम व म्हातारपणाची मजुरी ह्यांतहि भेद आहे. बारामतीजवळ राहणाऱ्या लता करे ह्या साठी ओलांडलेल्या बाई २०१४ सालीं नऊवारी लुगड्यांत अनवाणी धांवल्या व शर्यत जिंकल्या. पुढें त्यांच्यावर चित्रपटहि निघाला. लोक त्यांच्या पायांचें कौतुक करितात. नवऱ्याच्या तपासणीसाठीं पैसे नव्हते म्हणून त्या धांवल्या, हें कौतुक करणाऱ्यांनीं विसरूं नये.

चालतांना छातींत दडपण, डाव्या हातांत किंवा जबड्यांत कळ, घेरी, अगर बसूनहि न थांबणारी धाप, ह्यांपैकीं कांहीं झालें तर तेथेंच थांबावें व १०८ ह्या क्रमांकावर फोन करून सरकारी रुग्णवाहिका बोलवावी. ती फुकट येते. बिब्बा घालणें, पोट चोळणें, उद्यां पाहूं म्हणणें, ह्यांत जीव जातो. ज्यांस मधुमेहाचें औषध चालू आहे त्यांनीं उपाशीं पोटीं फार चालूं नये, व पायांत वहाण घातल्याशिवाय मुळींच चालूं नये.

हा पाठ गांवीं घेणाऱ्या शिक्षकांस व बायबल-बाईंस एक रीत सुचवितों. व्याख्यान देऊं नये. ऐकणारे मान डोलवितात व घरीं जातात. प्रत्येक घरच्या माणसांस जमिनीवर रेघा ओढावयास सांगाव्या, घरांत जितकीं माणसें तितक्या रेघा. मग कालचा दिवस आठवून प्रत्येक माणसाच्या रेघेवर कामाच्या प्रत्येक तासाला ज्वारीचा एक दाणा ठेवावा, चालण्या-खेळण्याच्या तासाला तुरीचा, व विसांव्याच्या तासाला कापसाची सरकी. वीस मिनिटांत सारें घर जमिनीवर मांडलेलें दिसतें. कोणाच्या रेघेवर ज्वारीच ज्वारी व एकहि सरकी नाहीं, कोणाच्या रेघेवर सरकीखेरीज कांहीं नाहीं, हें सांगावें लागत नाहीं. एक खबरदारी मात्र घ्यावी. प्रथम नवऱ्याकडून मांडणी करवावी, ती वहींत उतरून घ्यावी, व दाणे पुसून टाकून तीच मांडणी बायकोकडून पुन्हां करवावी. दोन्ही मांडण्या सहसा जमत नाहींत, व नवऱ्याच्या मांडणींत पाणी आणण्याचे दाणे बहुधा राहिलेले असतात. दोन्ही वह्या जपून ठेवाव्या, आणि तीन महिन्यांनीं, म्हणजे पिकाचा हंगाम बदलल्यावर, त्याच घरांकडून पुन्हां दाणे मांडून घ्यावे.